‘नसबंदी झाली ना, मग सोडा दोघांना एकत्र’ : हा सल्ला सशांच्या जिवावर बेततो

ससे पाळणाऱ्या ओळखीच्या चार-पाच जणांनी गेल्या काही महिन्यांत मला एकच व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पाठवला आणि विचारलं, ‘ताई, हे खरं आहे का?’ मेसेज थोडक्यात असा : सशाला नसबंदीच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा. ऑपरेशननंतर दोन दिवस पोटाला आराम द्या. मग नर-मादीला एकाच पिंजऱ्यात सोडा, आता पिल्लांची भीती नाही. भांडले तर मध्ये पडू नका, कोण मोठा ते ठरलं की आपोआप शांत होतात. नराचं ऑपरेशन केलं की पुरे, मादीचं पोट उगाच फाडू नका. आणि नाहीच जमलं तर वेगळे ठेवा, ससा रानातही एकटाच राहतो.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. कुत्र्यामांजरांचं ज्ञान त्याने सशाला चिकटवलंय एवढंच. पण यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला चुकीचा आहे, आणि काही तर थेट जीव घेणारे आहेत. मी पुण्यात फ्लॅटमध्ये अकरा वर्षं ससे सांभाळतेय, त्यातली एक चूक मी स्वतः करून बसले आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊनच सांगते.

‘आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा.’

कुत्र्यामांजराला भूल देण्याआधी उपाशी ठेवतात, कारण भुलीत उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत गेली तर घात होतो. सशाला उलटी होतच नाही. त्याच्या जठराच्या तोंडाचा स्नायू इतका घट्ट असतो की पोटात गेलेलं वर येऊ शकत नाही. त्यामुळे उपाशी ठेवण्याचं मूळ कारणच इथे लागू नाही. उलट सशाची आतडी दिवसरात्र चालती लागतात. त्यांत सतत गवत जात राहिलं नाही की ती मंदावतात, गॅस धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून तो आणखी खात नाही, आणि हे चक्र एकदा सुरू झालं की थांबवणं कठीण. भुलीच्या वेळी तोंडात घास अडकू नये म्हणून डॉक्टर अगदी थोडा वेळ आधी खाणं काढून घ्यायला सांगतात, तेवढंच. रात्रभर नाही.

माझ्या पहिल्या सशाच्या वेळी दवाखान्यातून फोनवर सांगितलं गेलं, ‘रात्री आठनंतर काही देऊ नका.’ मी निमूटपणे ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चिकूला घरी आणलं, आणि रात्री अकरा वाजता मी टॉर्च घेऊन त्याच्या पिंजऱ्यातला कागद उचलून लेंड्या शोधत होते. एरवी त्याच्या लेंड्या हरभऱ्याएवढ्या, गोल, कोरड्या. त्या रात्री मिळाल्या तीनच, मिऱ्याएवढ्या, वाकड्या, एका केसात माळल्यासारख्या अडकलेल्या. मग तीन दिवस दर काही तासांनी सिरिंजने पातळ खाणं, औषधं, दवाखान्याच्या चकरा. तो वाचला. पण तो त्रास त्याला माझ्या आज्ञाधारकपणामुळे झाला, हे मी विसरलेले नाही.

‘दोन दिवस पोटाला आराम द्या.’

हा मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला. ऑपरेशन करून घरी आलेल्या सशाने त्याच संध्याकाळी काहीतरी तोंडात घालायला हवं. बारा तास झाले, खाणं नाही, लेंडी नाही, तर सकाळची वाट बघायची नाही, डॉक्टरांना फोन लावायचा.

खाण्यात मुख्य गवत. पुण्यामुंबईत परदेशी टिमोथी गवताची पाकिटं मिळतात, गावाकडे चांगलं वाळलेलं, बुरशी नसलेलं साधं गवत चालतं. पण त्या पहिल्या संध्याकाळी वासाचं काहीतरी पुढे करावं. कोथिंबिरीची जुडी धुऊन, पाणी तसंच ठेवून, दोन-दोन काड्या नाकासमोर धरायच्या. ताजी हरळी, मुळ्याचा पाला, गाजराचा पालासुद्धा. गाजर आणि केळं मात्र ‘अशक्त झालाय’ म्हणून कोंबू नका, इतक्या साखरेने त्याची आतडी आणखी बिघडतात.

आणि मुळात तो खात का नाही? बहुतेक वेळा दुखतंय म्हणून. ससा भक्ष्य होणारा प्राणी, दुखणं दाखवत नाही. पाठीची कमान करून कोपऱ्यात बसणं, डोळे अर्धे मिटलेले, पोट फरशीला दाबून धरणं, करकर दात खाणं, ही त्याची भाषा. (लाडात आल्यावरही ससे दात वाजवतात, पण तो आवाज हलका असतो. फरक एकदा कानात बसला की चुकत नाही.) 2012 साली संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पद्धतच तयार केली, ज्यात डोळे, गाल, नाक, मिशा आणि कान बघतात. तेव्हा दवाखान्यातून निघण्याआधी विचारा : वेदनाशामक किती दिवसांचं दिलंय? दिलं नसेल तर मागून घ्या.

घरातल्या डब्यातली माणसांची गोळी मात्र देऊ नका. केमिस्टकडून ‘जखम पिकू नये’ म्हणून आणलेलं अमॉक्सिसिलिन तोंडावाटे तर अजिबात नाही. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं सशाच्या पोटात गेली की पचनाला लागणारे जिवाणू मरतात, त्यांच्या जागी विष तयार करणारे वाढतात, आणि ससा दगावतो. माणसाच्या मुलाला दिलेलं साधं औषध सशाला मारू शकतं, हे कितीतरी लोकांना ठाऊक नसतं.

गळ्यातल्या प्लास्टिकच्या कॉलरचंही तसंच. ससा आपल्या मऊ लेंड्या थेट शेपटीखालून तोंडाने उचलून पुन्हा खातो, ती त्याच्या पोषणाची गरज आहे. कॉलरमुळे ते बंद होतं. टाके ओढतच असेल तर डॉक्टरांना विचारून, नाहीतर नको. भुसा काढून टाकावा, जखमेला चिकटतो. जुना सुती टॉवेल आणि वर्तमानपत्र पुरतं.

‘मग एकाच पिंजऱ्यात सोडा, पिल्लांची भीती नाही.’

भीती आहे, आणि भरपूर आहे. वृषण काढले तरी आधी तयार झालेले शुक्राणू नराच्या नळ्यांमध्ये राहतात. चार ते सहा आठवडे तो पिल्लं देऊ शकतो. पूर्ण सहा आठवडे धरावेत असंच मी सांगते. मादीचं म्हणाल तर तिला माजाचे ठरावीक दिवस नसतात, मीलन झालं की त्यामुळेच दहा-बारा तासांत बीज सुटतं. मीलनाला लागतात काही सेकंद. ‘माझं लक्ष होतं’ याला इथे अर्थ नाही.

ओळखीच्या एका घरी नराचं ऑपरेशन मंगळवारी झालं आणि रविवारी दोघांना एकत्र सोडलं. महिन्याभराने वहिनींचा फोन आला की मादी छातीपोटाचे केस उपटतेय, कातडीचा रोग झालाय का. मी गेले तेव्हा कोपऱ्यातल्या खोक्यात केसांच्या गादीत पाच उघडी, गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं होती.

पिल्लांचा प्रश्न सोडला, म्हणजे दोघांचीही ऑपरेशनं झालेली असली, तरी घाई नकोच. शरीरातली संप्रेरकं ऑपरेशनच्या टेबलावर संपत नाहीत, उतरायला कित्येक आठवडे घेतात. तोवर नर पायांभोवती घोंघावत गोल फिरतो, लघवी उडवतो, चढतो. मादी आपला कोपरा राखते, गुरगुरते. तिच्या पोटाला ताजे टाके असताना वर चढणारा जोडीदार तिला हवाय का? शेवटच्या ऑपरेशनपासून महिना-दीड महिना गेल्यावर गाठ घालायला सुरुवात करावी.

एकच अपवाद. आधीपासून जीव जडलेली जोडी असेल आणि एकाचंच ऑपरेशन असेल, तर दोघांनाही बरोबर दवाखान्यात न्या, आणि परत आल्यावर मध्ये फक्त जाळी ठेवून शेजारी ठेवा. (वर सांगितलेले सहा आठवडे नर-मादी असतील तर इथेही पाळायचेच.) एकटा परतलेला ससा औषधांच्या वासाने परका वाटतो आणि वर्षानुवर्षं एकमेकांना चाटणारे दोघे भांडायला उठतात.

‘भांडले तर मध्ये पडू नका.’

यात एक कण खरा आहे, म्हणूनच तो पटतो. सशांमध्ये वरचढ कोण हे ठरतं, आणि ते ठरताना थोडा पाठलाग, चढणं, एखादा केसांचा पुंजका निघणं हे होतं. एवढ्यावर धावून जाऊ नये. पण खरी मारामारी वेगळी दिसते. शेपटी ताठ, कान मागे, दोघे एकमेकांचं अंग तोंडात धरून भोवऱ्यासारखे फिरतात, मागच्या पायांच्या नख्यांनी पोट फाडायला बघतात. दहा सेकंदांत डोळा जाऊ शकतो. एक ससा दुसऱ्याच्या डोक्याच्या बाजूने चढला तर खालचा वरच्याच्या नाजूक जागी चावतो, तेव्हा उलटं चढणं लगेच थांबवायचं. शिवाय ससा विसरत नाही. एक मोठी मारामारी झाली की पुढचे कित्येक आठवडे मागे जातात.

मध्ये हात घालू नका, तुमचीच बोटं फुटतील. मी केर भरायची सुपली हाताशी ठेवते, ती दोघांच्या मध्ये सरकवली की पुरतं. जाड टॉवेलही चालतो.

माझ्या चिकूची आणि शेवंतीची सोयरीक जमायला सव्वा महिना लागला. आधी दोन आठवडे दोन पिंजरे शेजारी, मध्ये चार बोटं जागा, कारण जाळीतून नाकं चावतात. रोज टॉवेल अदलाबदल, लेंड्यांचे ट्रे अदलाबदल, खाण्याच्या वाट्या जाळीच्या दोन बाजूंना समोरासमोर. दोघे एकमेकांकडे पाठ करून निवांत पसरायला लागले तेव्हा पुढचं पाऊल. शेजारच्या काकूंची एक खोली रिकामी होती, जिथे दोघांचाही वास नव्हता. तिथे सतरंजी घातली, कारण गुळगुळीत फरशीवर सशाचे पाय सटकतात. सुरुवातीला दहा मिनिटं. काही बिघडायच्या आत, दोघे शांत असतानाच उठवायचं. मग पंधरा, मग अर्धा तास, मग तासभर.

तेविसाव्या दिवशी शेवंतीने चिकूसमोर मान खाली घातली. ‘मला चाट’ असा त्याचा अर्थ. चिकूनेही मान खाली घातली. दोघेही तसेच, कपाळाला कपाळ लावून, कोणी आधी चाटायचं यावर अडलेले. मी श्वास रोखून बसले होते. शेवटी चिकूनेच तिच्या कानाशी जीभ लावली. तरीसुद्धा सलग दोन दिवस-रात्री माझ्यासमोर शांतपणे काढल्यावरच मी त्यांना रात्री एकटं सोडलं, आणि तेही पिंजरा पांढऱ्या व्हिनेगरने धुऊन, आतली मांडणी पूर्ण बदलून.

‘टोपलीत घालून स्कूटरवर फिरवा, घाबरून जवळ येतात’ असंही कोणी कोणी सांगतं. घाबरलेला प्राणी जे मिळेल त्याला बिलगतो, त्याला मैत्री म्हणू नये. आणि ही जुळवाजुळव एप्रिल-मे मध्ये नकोच, विदर्भ-मराठवाड्यात तर मुळीच नको. सशाला घाम येत नाही, उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर पडते, पारा तिशीपार गेला की नुसतं बसणंही त्याला जड जातं. त्यात पाठलाग कुठून झेपणार?

‘मादीचं पोट उगाच फाडू नका.’

मादीचं ऑपरेशन नरापेक्षा मोठं, हे खरं. पण ते उगाच नाही. नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणावर होतो. काही जातींमध्ये 4 वर्षांवरच्या निम्म्याहून अधिक माद्यांत तो आढळला आहे. बाहेरून काही दिसत नाही, लघवीत रक्त दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. जोखीम कमी करायची तर ऑपरेशन टाळू नका, डॉक्टर नीट निवडा. सशांची ऑपरेशनं नेहमी करता का, वेदनाशामक काय देता, आधी किती वेळ उपाशी ठेवायला सांगता, असं सरळ विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘रात्रभर’ आलं तर दुसरा दवाखाना बघा.

‘ससा रानातही एकटाच राहतो.’

हा गोंधळ आपल्या भाषेतूनच आलाय. शेताच्या बांधावरून उड्या मारत जाणारा तोही ससा आणि घरातला पांढरा-करडा तोही ससाच. पण हे दोन वेगळे प्राणी आहेत. बांधावरचा म्हणजे लेपस निग्रिकॉलिस. तो बिळं खणत नाही, बहुतेक एकटा असतो, त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. त्याला वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चं संरक्षण आहे, पकडून पाळणं गुन्हा आहे. घरातला ससा युरोपातल्या ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलसचा वंशज. तो जमिनीखाली बिळांच्या वसाहतीत, कळपाने राहणारा. पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मतात, जशी त्या वहिनींच्या खोक्यात होती. त्याला जवळ दुसरा ससा लागतो. कान चाटणारा, अंगाला अंग लावून झोपणारा. ते काम माणूस दिवसातून दोन तास खेळून भरून काढू शकत नाही.

काही जोड्या खरोखरच जमत नाहीत. मग दोघांना दोन खोल्यांत टाकण्यापेक्षा जाळीच्या दोन बाजूंना शेजारी ठेवा, वास आणि सोबत तरी मिळते. सहा महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून प्रयत्न करून बघता येतो.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या सशाचं ऑपरेशन उद्याच असेल आणि गवत आधीच काढून ठेवलं असेल, तर आत्ता डॉक्टरांना फोन करून विचारा, आणि ते हो म्हणाले की गवत परत ठेवा.