दार अडवणारा चिटणीस

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाटलं की सविस्तर उत्तर द्यायलाच हवं. बायझंटाइन (पूर्व रोमन) सम्राट लिओ सहावा आणि तिथल्या चर्चचा प्रमुख, म्हणजे पॅट्रिआर्क, निकोलस यांच्या भांडणावरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन: बायझंटाइन चर्च सम्राटाच्या हातातलं बाहुलं होतं हे मी दडवलं, निकोलसला उगाच तत्त्वनिष्ठ वीर केलं, आणि 1058 मध्ये पॅट्रिआर्क केरुलारियोसला सम्राटाने सरळ उचलून नेलं, ते उदाहरण सोयीस्करपणे गाळलं.

मधला आक्षेप मान्य. निकोलससाठी मी 'निर्भीड' हा शब्द वापरला, तो चुकलाच. लिओच्या तीन बायका एकामागून एक वारल्या होत्या आणि गादीला मुलगा नव्हता. चौथी, झोई, हिच्यापासून 905 मध्ये मुलगा झाला, पण तेव्हा तिच्याशी लग्न झालेलं नव्हतं. चर्च दुसरं लग्न खपवून घेई, तिसऱ्याला नाक मुरडी, चौथ्याचं तर नावच नको. त्यातून गंमत अशी की तिसऱ्या लग्नाविरुद्ध कायदा खुद्द लिओनेच केलेला. निकोलसने काय केलं? झोईला राजवाड्यातून बाहेर काढायच्या अटीवर 6 जानेवारी 906 ला बाळाचा बाप्तिस्मा स्वतःच्या हाताने उरकला. तीन दिवसांत झोई परत राजवाड्यात, आणि पुढे थोमस नावाच्या एका पाद्र्याकडून गुपचूप लग्नही लागलं. पॅट्रिआर्क फसला असं म्हणा, किंवा त्याने सौदा केला आणि तो अंगाशी आला असं म्हणा. दोन्हीत वीर कुठे दिसत नाही.

पण बाहुलंही दिसत नाही. 906 च्या नाताळात लिओ दरबाऱ्यांच्या लवाजम्यासह हागिया सोफियाच्या, म्हणजे राजधानीतल्या मुख्य चर्चच्या, मधल्या दाराशी आला. हे दार सम्राटासाठीच उघडत असे. निकोलसने त्याला तिथे थांबवलं. उजव्या बाजूने आतल्या दालनात जायची मुभा होती, मधून नाही. बारा दिवसांनी पुन्हा सण, पुन्हा तेच दार, पुन्हा नकार. या वेळी सम्राट जमिनीवर पडून रडला, मग उठून निमूट बाजूने गेला. ही हकिकत ज्या चरित्रात आहे ते युथिमिओसचं, म्हणजे निकोलसच्या प्रतिस्पर्ध्याचं. लिहिणारा निकोलसच्या बाजूचा नव्हता, तरी दार अडवल्याचं त्याने लपवलं नाही. आजही त्या दारावर ख्रिस्तापुढे ओणव्या झालेल्या सम्राटाचं मोझेइक आहे. तो लिओच असं बरेच अभ्यासक मानतात.

तुम्ही म्हणाल, पुढच्याच महिन्यात निकोलसला हद्दपार केलं, मग सत्ता कोणाची? सम्राटाची, वादच नाही. पण एका माणसाला हटवायला लिओला काय काय करावं लागलं तेही बघा. फितुरीचा आरोप, राजीनामा, चौथ्या लग्नाला रोमच्या पोपकडून परवानगी, पूर्वेकडच्या पॅट्रिआर्कांची संमती, आणि शेवटी निकोलसच्या जागी युथिमिओस, स्वतःचा पापनिवेदन ऐकणारा वृद्ध साधू. हा तर घरचाच माणूस! तरी गादीवर बसताच युथिमिओसने ते लग्न लावणाऱ्या थोमसचं पाद्रीपण काढून घेतलं आणि झोईचं नाव चर्चमध्ये सम्राज्ञी म्हणून पुकारायला साफ नकार दिला. ऐकलं तर बाहुलं आणि नाही ऐकलं तर कारस्थानी, असं तुमचं माप असेल तर ते उडाला तर कावळा, बुडाला तर बेडूक असं झालं.

माझं म्हणणं मी मूळ लेखात नीट मांडलं नव्हतं, ते आता मांडतो. 'दरबार विरुद्ध चर्च' अशी दोन छावण्यांची मांडणीच इथे चालत नाही. निकोलसच्या नावामागचं 'मिस्टिकोस' हे आडनाव नव्हे, हुद्दा आहे: सम्राटाचा खाजगी चिटणीस. तो लिओच्याच दफ्तरातून 901 मध्ये पॅट्रिआर्क झाला. त्याच्या आधी तारासिओस (784), निकेफोरोस (806) आणि फोटिओस (858) हे तिघेही राजदफ्तरातले. फोटिओस तर आठवड्याभरात साध्या गृहस्थाचा पॅट्रिआर्क झाला, मधल्या सगळ्या दीक्षा धडाधड उरकून. ज्याच्या जागी तो आला तो इग्नातिओस पदच्युत सम्राटाचा मुलगा. गादीवर हक्क सांगू नये म्हणून त्याला लहानपणीच खच्ची केलेलं. म्हणजे पॅट्रिआर्कच खोजा! लिओचा विश्वासू खोजा सामोनास मूळचा अरब. तो त्याच बाळाचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता होता. त्याच्यावर मी दोन परिच्छेद 'चटपटीतपणासाठी' खर्च केले असं तुम्ही लिहिलंय. नाही हो. खोजा स्वतः गादीवर बसू शकत नाही, म्हणूनच सम्राट त्याला शयनगृहाच्या दाराशी ठेवतो.

दफ्तरातला माणूस दफ्तराच्याच रीतीने भांडतो. 912 मध्ये लिओ वारला, भाऊ अलेक्झांडर आला, निकोलस परतला. मग माग्नाव्रा या राजसभेत म्हाताऱ्या युथिमिओसची दाढी उपटली, त्याला मारहाण झाली. वर्षभरात अलेक्झांडरही गेला आणि निकोलस राज्याचा कारभारी झाला. कोणाच्या नावाने? त्याच मुलाच्या, ज्याच्या आईबापाचं लग्न त्याने मानलं नव्हतं. झोईला त्याने मठात पाठवलं. 914 मध्ये ती परत आली आणि तिने त्याला बजावलं की बोलावल्याशिवाय राजवाड्यात यायचं नाही, आपलं चर्च सांभाळायचं. शेवटी जुलै 920 मध्ये चर्चमधले निकोलसचा आणि युथिमिओसचा असे दोन्ही गट एक झाले आणि चौथं लग्न कायमचं निषिद्ध ठरलं. तो मुलगा, कॉन्स्टंटाइन सातवा, तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा होता. स्वतःच्या जन्मावरचा हा निकाल त्याला मुकाट्याने सोसावा लागला.

आता केरुलारियोस. तो गाळला कारण लेख लिओवर होता, दुसरं काही नाही. पण उदाहरण तुमच्या बाजूचं आहे असं मला वाटत नाही. 1057 मध्ये इसाक कोम्निनोस गादीवर आला तो केरुलारियोसच्या मदतीने. पुढच्या वर्षी दोघांचं फाटलं. सैनिकांनी पॅट्रिआर्कला पकडलं खरं, पण कुठे? हागिया सोफियात नाही. शहराच्या तटाबाहेर, एका मठात तो सणासाठी गेला होता, ती संधी साधून. राजधानीत हात लावायची सम्राटाची छाती नव्हती, लोक रस्त्यावर उतरले असते. खटल्यासाठी आरोपपत्र तयार केलं मिखाइल प्सेलोस या दरबारी विद्वानाने. खटला उभा राहायच्या आत, 1059 च्या सुरुवातीला केरुलारियोस वारला. मग त्याच्या स्तुतीपर भाषण लिहिलं, तेही प्सेलोसनेच.

मूळ लेखातला 'निर्भीड' आज काढला आहे. प्सेलोसवर स्वतंत्र लेख लिहायला घेतलाय. तुम्ही वाचालच, आणि भांडालही.