ताईंनी मागितला होता फक्त एक प्लग पॉइंट

आत्ताच सोसायटीच्या वार्षिक सभेतून वर आलो. डोकं इतकं तापलंय की लिहून टाकल्याशिवाय झोप लागायची नाही.

विषयपत्रिकेवर सगळ्यात शेवटी बी विंगमधल्या ताईंचा अर्ज होता. ताई जेवणाचे डबे करतात. पहाटे कणीक मळायला घेतात आणि साडेदहाच्या सुमाराला ई-स्कूटरला दोन्हीकडे पिशव्या अडकवून निघतात. अर्जात मागितलं काय होतं? स्वतःच्या पार्किंगच्या जागेवर, स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या घरच्या मीटरवरून एक पंधरा अँपियरचा पॉइंट. सोसायटीचा एक पैसा जायचा नव्हता. तरी नामंजूर. "आग लागली तर जबाबदार कोण?" एवढं तिघा-चौघांनी आवाज चढवून विचारलं आणि बाकीच्यांनी घरी जायच्या घाईत हात वर केले.

मी बोललो. चेअरमन काकांना म्हटलं, "काका, तुमच्या बाथरूममधला गिझर दोन किलोवॅटचा आहे. या स्कूटरचा चार्जर त्याच्या निम्म्याचाही नाही." तर म्हणे, गिझर वेगळा, बॅटरी वेगळी. ठीक आहे, वेगळी. पण ती बॅटरी आज चार्ज कशी होतेय, ते खाली जाऊन कुणी बघितलंय का? ताईंच्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक्स्टेन्शनची वायर खाली सोडलीय. मध्येच एक जोड आहे. त्याला चिकटपट्टी गुंडाळलीय आणि वरून दुधाची रिकामी पिशवी दोऱ्यानं गच्च बांधलीय. परवाच्या पावसात ती पिशवी पाण्यानं फुगली होती, मी स्वतः पाहिलं. त्याच वायरीखालून पोरं सायकली फिरवतात. आग लागली तर तिथून लागेल! चांगल्या वायरमननं टाकलेली केबल, नीट अर्थिंग, एमसीबी म्हणजे गडबड झाली की आपोआप पडणारा स्विच, हे सगळं करून द्यायला ताई तयार होत्या. ते आम्ही नाकारलं आणि ती पिशवी तशीच लटकत ठेवली.

सभेत बसल्या बसल्या मला सारखे अण्णा आठवत होते.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, स्वारगेटच्या स्टँडवर उभं आयुष्य रिक्षा चालवली. सुरुवातीची रिक्षा पुढच्या इंजिनाची, टू-स्ट्रोक. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, इंजिन थेट ड्रायव्हरच्या सीटखाली असायचं. एप्रिल-मे महिन्यात सीट इतकी तापायची की आई गोणपाटाची घडी भिजवून द्यायची, ती अंथरून अण्णा बसायचे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं, ते अर्धवट जळायचं आणि मागून निळसर पांढरा धूर निघायचा. सिग्नलला सगळ्या रिक्षा थांबल्या की तो धूर पुन्हा रिक्षावाल्यांच्याच नाकात. रात्री घरी आल्यावर अण्णा ओल्या पंचानं मान पुसायचे आणि पंचा काळा व्हायचा. आज त्यांची छाती कामातून गेलीय. छातीच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, "विडी-सिगारेट किती वर्षं?" अण्णांनी जन्मात विडीला हात लावलेला नाही.

पुढे पुण्यात रिक्षांना सीएनजी आला. तेव्हा स्टँडवर जे बोलणं चालायचं तेच मी आज सभेत शब्दाला शब्द ऐकलं. "अण्णा, मागं बॉम्ब घेऊन फिरणार का?" पॅसेंजर वाकून टाकी बघायचे. एक आजी तर अर्ध्या चढल्या होत्या, टाकीचं कळल्यावर उतरून दुसऱ्या रिक्षात बसल्या. अण्णांनी तरी किट बसवलं आणि आई पहिल्या फेरीला मुद्दाम मागच्या सीटवर बसून मंडईपर्यंत गेली. आज ज्या मंडळींनी हात वर केले त्यांची नातवंडं सीएनजीच्या रिक्षातून शाळेत जातात. कुणाच्या मनात बॉम्ब येत नाही.

आणि ते आपोआप झालं नव्हतं. आरटीओनं सक्ती केली, महापालिकेनं किटला अनुदान दिलं, तेव्हा रिक्षावाले वळले. पंप मात्र पुरेसे नव्हते, त्यामुळे अण्णांसारख्यांनी पहाटेपर्यंत गॅसच्या रांगेत रिक्षातच पाय दुमडून झोपा काढल्या. इंधन बदला म्हणून सांगायचं आणि ते भरायची सोय करायची नाही, हा त्रास आमच्या घरानं एकदा काढलाय. म्हणून आज ताईंच्या बाबतीत तेच होताना बघून माझा संताप झाला.

आपल्याकडे ई-गाडीची चर्चा निघाली की ती लगेच समृद्धीवर जाते. आजही गेली. "नागपूरला निघालो आणि मध्येच चार्ज संपला तर?" अहो, ७०१ किलोमीटरचा तो रस्ता ताईंच्या कामाचाच नाही! त्या कर्वेनगर ते डेक्कन, डेक्कन ते शिवाजीनगर आणि घरी परत, एवढंच फिरतात. एका युनिटमध्ये त्यांची स्कूटर पंचवीस-तीस किलोमीटर जाते. युनिट दहा-बारा रुपयांनी धरलं तरी किलोमीटरला चाळीस-पन्नास पैसे. पुण्यात पेट्रोल शंभराच्या वर गेल्यापासून साध्या स्कूटरला किलोमीटरमागे दोन रुपयांहून जास्त जातात. डब्यामागे चार पैसे सुटायचे असतील तर ते इथेच सुटतात. पुणं दुचाक्यांचं शहर आहे, रस्त्यावर उभं राहून कुणीही बघावं. पण वाद घालताना आपल्या डोळ्यांसमोर कायम वीस लाखांची मोटार असते.

सरकारच्याही डोळ्यांसमोर तीच असते, आणि हे मला जास्त लागतं. २०२५ च्या मार्चमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर ६ टक्के कर लावायचा प्रस्ताव आला. महिना उलटायच्या आत मागे घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ झाला. अटल सेतूवर दुचाकीला आणि रिक्षाला चढायलाच बंदी आहे, म्हणजे ती माफी ताईंनाही नाही आणि अण्णांच्या स्टँडवरच्या कुणालाही नाही. उलट दुचाकीचं केंद्राचं अनुदान बघा. फेम-२ या योजनेत बॅटरीच्या दर किलोवॅट-अवर क्षमतेला १५ हजार मिळत होते, ते जून २०२३ मध्ये १० हजारांवर आणले. मग पीएम ई-ड्राइव्ह आली, त्यात ५ हजार. एप्रिल २०२५ मध्ये तेही अडीच हजारांवर आणले, आणि एका गाडीला जास्तीत जास्त ५ हजार. ज्याचा खिसा लहान त्याचंच कापत गेले. टोलमाफीला माझा विरोध नाही, द्या. पण आधी प्रत्येक जुन्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मीटरचा एक पॉइंट आणून द्या. हे कुणाला सुचत कसं नाही?

नियम नाहीत असंही नाही. घरच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करायला मुभा आहे, हे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्येच लिहून दिलंय. राज्याचं २०२१ चं धोरण नव्या इमारतींच्या पार्किंगबद्दल बोलत होतं. पण आमच्यासारख्या तीस-पस्तीस वर्षं जुन्या सोसायटीत ताईंना शेवटी कमिटीच्या एनओसीपाशीच, म्हणजे ना हरकत पत्रापाशीच, अडावं लागतं.

आता कॉमेंटमध्ये कुणीतरी चंद्रपूर काढणार, म्हणून आधीच लिहितो. हो, आपली वीज बरीचशी कोळशाचीच आहे. चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॅटचं आहे आणि तिथली राख तिथल्या माणसांच्या घरात जाते, हे मान्य. पण इंजिनात जाळलेल्या पेट्रोलचा जेमतेम पाव हिस्सा चाकापर्यंत पोचतो, बाकीची नुसती उष्णता होते. ती उष्णता काय असते हे अण्णांच्या सीटनं आमच्या घराला शिकवलंय. चंद्रपूरच्या चिमण्या सुधारा म्हणून भांडायचं असेल तर मी पुढे येतो. कोळसा उद्या कमी करता येईल, सौर वाढवता येईल, त्यासाठी ताईंना स्कूटर बदलावी लागणार नाही. पेट्रोलच्या गाडीतून मात्र शेवटच्या दिवसापर्यंत धूरच निघणार.

आगीचंही खरं आहे. २०२२ च्या मार्चमध्ये लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली ई-स्कूटर पेटली, तो व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिला. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचा नियम, एआयएस-१५६, कडक झाला आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाला. सेकंडहँड गाडीला भाव येत नाही, वॉरंटी संपल्यावर बॅटरीचा खर्च अंगावर येतो, हेही खरं. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

इतकं लिहिल्यावर जरा शांत झालोय, म्हणून चेअरमन काकांबद्दल लिहितो. ते वाईट नाहीत. दोन वर्षांपूर्वी मध्यरात्री अण्णांना धाप लागली तेव्हा पायजम्यावर खाली येऊन याच काकांनी गाडी काढली होती. त्यांचं म्हणणं असं की इमारतीचं वायरिंग जुनं आहे, मीटरची खोली जिन्याखाली आहे, उद्या काही झालं तर पोलीस मला विचारतील. ही भीती मला कळते. पण मग परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरकडून लोड तपासून घेऊ. पॉइंट जिन्यापासून आणि मीटरच्या खोलीपासून लांब घेऊ, शेजारी अग्निशामक सिलिंडर टांगू, ताईंकडून लेखी घेऊ. यातलं एकही बोलणं सभेत झालं नाही. भीती वाटली आणि तिथेच विषय संपला, हे मला पटत नाही. अशानं त्या दिवशी आईला मागच्या सीटवर कुणी बसूच दिलं नसतं.

मागच्या महिन्यात अण्णांना दवाखान्यात न्यायला मुद्दाम ई-रिक्षा बोलावली होती. मागे बसायचं सोडून ते ड्रायव्हरला म्हणाले, "दादा, जरा उतरता का, बघू द्या." पुढच्या सीटवर बसले, हाताचा पंजा सीटखाली घालून बराच वेळ चाचपत राहिले. मग मला म्हणाले, "गार आहे रे." मागे बसल्यावर रस्ताभर ते त्या पोराला हप्ता किती, चार्जिंग कुठं करतोस, हेच विचारत होते. तो म्हणाला, भाड्याच्या खोलीत मालक प्लग देत नाही, हडपसरला एका गॅरेजवाल्याला महिन्याचे पैसे देऊन रात्री लावतो. म्हणजे रिक्षा बदलली आणि भरायच्या सोयीसाठी वणवण करणं अण्णांच्या वेळेसारखंच राहिलं. त्या पोराचं बँकेचं कर्ज चालू आहे. एखाद्या रात्री गॅरेजवाल्यानं नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशीचा धंदा बुडाला.

तर आता मी काय करतोय ते सांगतो. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर कमिटीला विशेष सभा बोलवावी लागते. उद्यापासून सह्या गोळा करतोय. चेअरमन काकांकडे पहिल्यांदा जाणार आहे, चोरून काही करायचं नाही. वायरमनलाही उद्या सकाळीच बोलावलंय, सभा होईपर्यंत निदान तो जोड काढून ताईंना सलग, जाड वायर टाकून देतो.

तुमच्यापैकी ज्यांच्या सोसायटीनं पार्किंगमध्ये पॉइंट दिलेत त्यांनी मदत करा. ठरावात नेमकं काय लिहिलं होतं, घरच्या मीटरवरून दिलं की सब-मीटर लावला, केबल किती एमएमची टाकली, मीटरच्या खोलीपासून पार्किंगपर्यंत पाइप कुठून नेला, एकूण खर्च किती आला. इनबॉक्समध्ये नको, इथेच खाली लिहा, बाकीच्यांनाही उपयोगी पडेल. ठरावाची प्रत असेल तर नावं झाकून फोटो टाका.