हरलो तरी एक पॉइंट

जानेवारीच्या पहाटे साडेपाचला सांगलीच्या विश्रामबागेतल्या एखाद्या खिडकीत निळा उजेड दिसला की शेजारी दोनच शक्यता धरतात : घरात कुणी एमपीएससीला बसलंय, नाहीतर कुणी आजारी आहे. टोरोंटो मेपल लीफ्स या कॅनडातल्या आइस हॉकी संघाचा चाहता ही तिसरी शक्यता त्यांच्या ध्यानात येत नाही. खरं तर ती दुसरीतच मोडते.

टोरोंटोत संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच. मॅच जेमतेम अडीच तासांची : वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड, मधे अठरा मिनिटांच्या दोन सुट्ट्या. पहिल्या सुट्टीत दूध तापवून होतं, दुसरीत पाणी भरून होतं. संघ व्हँकूवरला गेला की मॅच साडेआठला, म्हणजे डबा, बस आणि पॉवर प्ले (समोरचा एक गडी शिक्षेवर बाहेर असतो तो काळ) एकाच वेळी. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात आणि साडेपाचचे साडेचार होतात. त्या आठवड्यात घरच्यांशी वाद घालू नये.

नव्या माणसानं दोन गोष्टी आधी कराव्यात. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडावा, कारण वीज शेवटच्या दोन मिनिटांतच जाते. आणि ऑनलाइन मॅच बघताना १०८०चं, सेकंदाला तीस फ्रेमवालं चित्र सोडून ७२०चं साठ फ्रेमवालं घ्यावं. पक म्हणजे तीन इंच व्यासाची, इंचभर जाडीची रबरी चकती. जोराचा फटका ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जातो. तीस फ्रेममध्ये गोल दिसत नाही, फक्त आपला गोलकीपर मान खाली घालून पाणी पिताना दिसतो.

हॉकी म्हटल्यावर समोरचा धनराज पिल्लेवर बोलू लागतो. त्याला अडवू नये. ज्या गावानं विजय हजारे दिले, जिथं स्मृती मानधना लहानाची मोठी झाली, तिथं धनराजपर्यंत पोचलेला माणूस म्हणजे अर्धी वाट चाललेलाच.

तर आता २०२५-२६चा हंगाम मध्यावर आलाय. ८२ मॅचपैकी ४१ झाल्या की तक्ता उघडून बसायचं आणि इथूनच फसवणूक सुरू होते. जिंकलं की दोन पॉइंट. साठ मिनिटांत हरलं की शून्य. पण बरोबरी होऊन जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये (एकेका गड्यानं एकट्यानं गोलकीपरवर चालून जायचं) हरलं तर एक पॉइंट मिळतो. समजा तक्त्यात २०-१५-६ लिहिलंय. डोळ्यांना वीस आणि पंधराच दिसतात आणि जीव हरखतो. शेवटचे ते सहासुद्धा पराभवच आहेत, जादा वेळेतले किंवा शूटआउटमधले. म्हणजे वीस जिंकल्या, एकवीस हरल्या, आणि ४६ पॉइंट घेऊन गडी म्हणतोय, ‘फॉर्मात आहोत!’

पुढच्या संघाच्या सहा पॉइंटनं मागे असणं हे तर त्याहून गोड विष. ‘तीन मॅच जिंकल्या की झालं,’ असं वाटतं. पण पुढचा संघ काय झोपलाय? तो मॅचमागे १.१५ च्या चालीनं गेला तरी उरलेल्या ४१ मॅचमध्ये ४७ पॉइंट काढतो. त्याला गाठायला आपल्याला ५३ लागतात, म्हणजे पूर्ण हंगामाच्या हिशेबानं १०६ची चाल. पहिल्या अर्ध्यात ४६ काढलेल्यांनी! वर जादा वेळेत गेलेली प्रत्येक मॅच दोनाऐवजी तीन पॉइंट वाटते, त्यामुळे सगळेच थोडेथोडे पुढे सरकतात. गाठलंच तर बरोबरी सोडवताना आधी साठ मिनिटांतले विजय मोजतात, शूटआउटचे नाहीत. जिंकताना इतका आरडाओरडा करायची गरज नव्हती, हे एप्रिलमध्ये कळतं.

सेव्ह पर्सेंटेज, म्हणजे गोलकीपरनं अडवलेल्या फटक्यांचं प्रमाण, मात्र सांगलीकराला शिकवावं लागत नाही. साखरेचा उतारा साडेअकरा की बारा, यावर ज्या जिल्ह्यात पारावर भांडणं होतात, तिथं .९०० आणि .९१५ मधला फरक लोकांना लगेच कळतो. मॅचला ३० फटके धरले तर पहिला गोलकीपर तीन गोल खातो, दुसरा अडीचच्या आसपास. ८२ मॅचमध्ये ३७ गोलांचा फरक.

दुसऱ्या पिरियडला जपावं. बाजू बदलतात, बाक जागेवरच राहतो, आणि बचाव करणाऱ्यांना बदलीसाठी लांब जावं लागतं. बर्फावरची एक पाळी जेमतेम ४५ सेकंदांची. दीड मिनिट अडकलेला बचावपटू शेवटी पक लांब भिरकावतो. ती आइसिंग (आपल्या अर्ध्यातून थेट पलीकडच्या गोलरेषेपार फेकण्याची चूक) ठरते, आइसिंगनंतर बदली करता येत नाही आणि फेसऑफ, म्हणजे पंच पक टाकून खेळ सुरू करतो तो, पुन्हा आपल्याच गोलाजवळ. पुढचं बघण्यापेक्षा चहा गाळावा.

इतिहास सांगायचा तर लीफ्सनी शेवटचा स्टॅनली कप, म्हणजे विजेतेपदाचा करंडक, मे १९६७ मध्ये जिंकला. त्याच डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला. भूकंपातून आपण सावरलो. २०१३ मध्ये बोस्टनविरुद्ध बाद फेरीच्या सातव्या, निर्णायक मॅचच्या तिसऱ्या पिरियडमध्ये ४-१ अशी आघाडी होती, ५-४ हरले. २०१८, २०१९, २०२४ : सातवी मॅच, समोर बोस्टन, निकाल तोच. २०२५च्या उन्हाळ्यात आमचा हुकमी खेळाडू मार्नर वेगासच्या संघात गेला, ते एक वेगळंच.

इतर संघांच्या चाहत्यांना अशा वेळी एक सोय असते. हंगाम गेलाच तर हरत राहा, पुढच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची निवड, तळाच्या संघांना आधी) अठरा वर्षांचा चांगला पोरगा मिळेल. आमची तीही वाट बंद. मार्च २०२५ मध्ये बचावपटू कार्लो आणताना २०२६च्या पहिल्या फेरीची निवड देऊन टाकली. पहिल्या पाचांत आली तरच ती आपली. म्हणजे अगदी रसातळाला जाण्याइतकं हरलो तर फायदा. नेहमीसारखं, इज्जत राखून, जादा वेळेत एकेक पॉइंट उचलत हरलो, तर चांगला पोरगा दुसऱ्या संघाला. २०२७ची निवडही फिलाडेल्फियाला गेलीय, लॉटन या खेळाडूच्या बदल्यात. आता मार्चमध्ये संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत आपल्या घड्याळानं रात्री दीडला संपेल. तोवर जागायचं ते आज दहावीत असलेला कॅनडातला कुठला पोरगा आम्ही आत्ताच गमावला ते बघायला. आणि २०२६ची ती निवड ज्यांच्याकडे आहे, तो संघ अर्थातच बोस्टन.