मंद्र सप्तकातले वायसर

भाट्याच्या खाडीवर, पुलाच्या खांबाच्या अलीकडे, गरीला कोळंबी लावून बसलो होतो. भरती नुकती लागली होती. तेवढ्यात रॉडचं टोक पाण्याला टेकेल एवढं वाकलं. मासा पळायला लागला, पण रीळ काही तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, सोडेना. अडलं, झटक्याने वीतभर फिरलं, परत अडलं. तिसऱ्या झटक्याला तंगूस टणकन तुटला आणि मी मागे बसलेल्या गृहस्थांच्या चहात. तांबोशी होती, असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे काय होतं ते मला दिसलंच नव्हतं. पण निसटलेला मासा साधा शिंगाळा होता, असं कबूल केलेला माणूस मला अजून भेटायचाय.

रात्री रीळ उघडलं. वरची ड्रॅगची, म्हणजे रिळाच्या ब्रेकची, चावी काढली, आतली स्प्रिंगची तार नखाने उचलली, ती उडून थेट फ्रिजखाली गेली. मग खाली चळत दिसली. लोखंडी चकती, बनातीचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, वायसर, लोखंडी चकती, पुन्हा बनात. काही चकत्यांना बाहेर कान, त्या फिरकीबरोबर फिरणार. काहींच्या मधलं भोक एका बाजूने चपटं, त्या दांड्याला धरून जागच्या जागी राहणार. दोघींच्या मध्ये बनात घासली जाते आणि मासा दमतो. दुचाकीचा क्लच ज्याने उघडलाय त्याला हे नवीन नाही. माझ्या बनाती मात्र दबून, काळ्या पडून, भिजलेल्या उडदाच्या पापडासारख्या झाल्या होत्या. पाचही.

दुकानदार म्हणाला, "याचे वायसर येत नाहीत. नवीन रीळच घ्या." कोकणी माणसाला असं सांगणं म्हणजे आव्हानच. नवीन रीळ घेण्याची ऐपत होती. पण वायसर म्हणजे काय, एक भोकाची चकती! ती आपल्याला जमू नये?

पहिला प्रयोग सायकलच्या ट्यूबचा. रबर चकतीला असं चिकटलं की चावी सैल केली तर काहीच धरत नव्हतं आणि अर्धा आटा आवळला की जागचं हलत नव्हतं. दुसरा, केकच्या भांड्याखाली घालतात त्या टेफ्लॉनच्या कागदाचा. त्यावर केक चिकटत नाही, तसा मासाही थांबला नसता. तिसरा प्रयोग जुन्या कोल्हापुरीचा. हा विचार अगदीच वेडा नव्हता. जुन्या रिळांमध्ये चामड्याचे वायसर असायचेच. त्याच्याही आधी ड्रॅग नव्हता तेव्हा मासा पळाला की हँडल उलटं गरगरायचं आणि बोटांची सालटी काढायचं. मग कुणीतरी चकत्यांची ही चळत रिळात घातली, आणि 1913 साली कॅलिफोर्नियातल्या कॅटालिना बेटाजवळ विल्यम बॉशेन यांनी तसल्या रिळावर तलवार मासा काढला. रॉड आणि रिळाने काढलेला तो पहिला तलवार मासा. माझी अपेक्षा त्यामानाने माफक होती.

भोक पाडायला चांभाराकडे गेलो. त्याने पंच ठेवून हातोडी मारली, बावीस मिलिमीटरची ती चकती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "बाहुलीच्या चपला काय?" पाचही सुबक झाल्या. पण एकेक चकती मूळ बनातीपेक्षा मिलिमीटरभर जाड. पाच एक मिलिमीटर म्हणजे पाच मिलिमीटर, हा हिशोब मी घरी येऊन केला. चळत इतकी वर आली की चावीचे आटेच लागेनात.

बनातच हवी होती. आणि घरात बनात एकाच ठिकाणी होती.

बायकोची पेटी. पट्ट्यांखाली, हाताच्या बाजूला, लालभडक बनातीची पट्टी. जाडीला तंतोतंत, रुंदीला अडीच सेंटीमीटर, जणू माझ्या वायसरांसाठीच बेतलेली. मी पूर्ण विचारांती काम केलं. ती काळी चारमध्ये गाते, मंद्र सप्तकात फारशी उतरत नाही. म्हणून अगदी डावीकडच्या पाच पांढऱ्यांखालचीच पट्टी कापली. पाच पट्ट्या, पाच वायसर. तेलात मुरवले, पुसले, चळत लावली. पहिल्यांदा कानवाल्या दोन चकत्या शेजारी शेजारी लागल्या, दुसऱ्यांदा नीट.

आता परीक्षा. तंगूस आठ किलोचा, म्हणजे ड्रॅग साधारण तिसऱ्या हिश्शावर, अडीच किलोच्या आसपास सुटायला हवा. मुलाच्या विज्ञानपेटीतला ताणकाटा लावून तेवढं जमवलं. पण पळता मासा कुठून आणायचा? शेजारचा आठवीतला मुलगा म्हणाला, "काका, मी होतो जिताडा." तंगुसाचं टोक त्याच्या पट्ट्याला बांधलं. पोरगा जिना उतरत सुटला आणि रीळ किर्र करत, एकही झटका न देता, लोण्यासारखं सुटत गेलं. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. पहिल्या मजल्यावर जिताड्याने वळण घेतलं आणि दुधाची पिशवी घेऊन वर येणाऱ्या आजींना एक प्रदक्षिणा घातली.

"मेल्या, हे काय रे?"

"आजी, हलू नका, मी मासा आहे!"

दूध वाचलं. आजींशी आमचं बोलणं अजून नाही.

रविवारी खाडीवर दीड किलोचा मासा लागला. तीनदा पळाला, तिन्ही वेळा रिळाने तंगूस अदबीने सोडला. शिंगाळाच होता, पण घरी आणला. बायकोने तिरफळ घालून कालवण केलं आणि चक्क म्हणाली, "जमलं हो तुम्हाला."

गुरुवारी तिच्याकडे भजन होतं. या वेळी गायला सांगलीकडचे एक पाहुणे बुवा आले होते. आवाज कसा, तर विहिरीतून आल्यासारखा. त्यांनी पट्टी सांगितली, बायकोने भाता हलवला आणि तिचा हात हळूहळू डावीकडे सरकू लागला. मी स्वयंपाकघरात चहा बघायला गेलो. चहा तिथे नव्हताच. आधण ठेवतोय तोच बाहेरून आवाज आला. टक. सूर नंतर. मग पुन्हा, टक, टक, टक, टक.

पेटी थांबली.

"अहो," बायकोने हाक मारली, "जरा तुमचं ते रीळ घेऊन बाहेर येता का?"