कॉस्टिक, पाणी अन् जुन्या बसचा पत्रा: औशाच्या भाऊंना उत्तर

भाऊ नमस्कार. जुन्या बसचे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे कसे साफ करायचे यावर मी लिहिलं त्यावर तुम्ही चांगलीच झाडली माझी. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, भाऊंचं म्हणणं तीन गोष्टींचं आहे. एक, ज्या लातूरला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथल्या माणसाला बस धुवायला काय शिकवता. दोन, कॉस्टिक सोडा पाण्यात कालवून ब्रशनं मारला की पाच मिनिटात पत्रा पांढरा फक्क होतो, मग सँडपेपर अन् बफिंगची (मशीनवरच्या कापडी चाकानं चमकवायची) नाटकं कामून. अन् तीन, काहीही करा महिन्याभरात परत काळपट पडतं, त्यापेक्षा सरळ रंग मारून मोकळं व्हा.

कॉस्टिकपासूनच धरतो, कारण त्यात तुमची बस जायलीय.

अ‍ॅल्युमिनियमला हवा लागली की लगेच त्याच्यावर ऑक्साइडचा एक थर बसतो, लई बारीक, दोन-चार नॅनोमीटरचा, डोळ्याला दिसत पण नाही. पण पत्रा वीस-पंचवीस वर्षं टिकतो तो ह्या थराच्या जीवावर. हा थर साधारण 4 ते 8.5 पीएचच्या मधे शाबूत राहतो (पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, 7 म्हणजे मधोमध). त्याच्या खाली म्हणजे तगडं अ‍ॅसिड आलं तरी विरघळतो अन् वर म्हणजे सोडा-कॉस्टिक आलं तरी विरघळतो. कॉस्टिकचं पाणी 13-14 ला असतं. म्हणजे आधी थर जातो अन् मग खालचा धातूच खायला लागतं. ब्रश मारल्यावर जी फसफस तुम्हाला मळ निघाल्यासारखी वाटते ना, तो हायड्रोजन आहे राव, तुमचा पत्रा विरघळून निघालेला. जळणारा वायू आहे, बंद शेडमधे बिडी ओढत हे काम करणारे मी बघितलेत म्हणून सांगायलोय.

बरं मग पांढरा कामून दिसतो? कारण पृष्ठभाग खरबरीत होतो अन् उजेड सगळीकडं विखरतो. ती चमक नाही, ओरखडलेली साल आहे. शिवाय शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसला कुणी लावत नाही, त्यात मॅग्नेशियम, मँगनीज, लोखंड, सिलिकॉन, तांबं असं काही ना काही मिसळलेलं असतं, अन् कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातं पण ह्यातलं बरंच तसंच मागं ठेवतं. तोच करड्या-काळ्या रंगाचा थर बोटाला लागतो. तुमचा पत्रा महिन्याभरात परत काळपट पडतो त्याचं कारण हेच, खरबरीत झालेल्या अंगात आपल्या काळ्या मातीची धूळ जाऊन बसते अन् पुसली तरी निघत नाही. मग तुम्ही परत कॉस्टिक मारता. असं दर वेळेला पत्रा थोडा थोडा पातळ होत जातो, अन् बऱ्याच जुन्या बसचा पत्रा मुळातच एक-सव्वा एमएमचा असतो.

अन् सगळ्यात वाईट म्हणजे कॉस्टिक दिसतं तिथंच थांबत नाही. पत्र्यावर पत्रा चढवलेला असतो त्या सांध्यात, रिबिटच्या मागं, खिडकीच्या रबराच्या चॅनलमधे शिरतं अन् तिथं बसून खात राहतं. ते धुवून काढायचं तर पाइप लावून दहा-पंधरा मिनिटं नुसतं पाणी सोडावं लागतं. आता सांगा, पाणी कुणाच्या पद्धतीत जास्त जायलंय?

पाण्याचा मुद्दा तुमचा रास्त आहे, तो मी उडवून लावणार नाही. पण माझ्या पद्धतीला टँकर लागत नाही. आधी मऊ ब्रशनं कोरडी धूळ वरून खाली झटकायची (फडक्यानं कोरडं पुसायचं नाही, धुळीतली कचकच सँडपेपरचं काम करते), मग एका बादलीत भांड्याचं लिक्विड नाहीतर गाडीचा शाम्पू, दुसऱ्या बादलीत साधं पाणी, अन् एका वेळेला एकच पत्रा. कपडे धुवायची पावडर किंवा धुण्याचा सोडा नको, ते पण कॉस्टिकचेच धाकटे भाऊ. काम सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर करायचं, मे महिन्यात दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही अन् साबण धुवायच्या आधीच वाळून डाग पडतो.

बोअरचं पाणी आपल्याकडं जड असतं, काळ्या खडकातून आलेलं, क्षार भरपूर. ते पत्र्यावर वाळलं की पांढरे गोल डाग. म्हणून धुतल्या धुतल्या मऊ कापडानं टिपून घ्यायचं. अन् एक फुकटातली गोष्ट, एसीच्या पाइपातून जे पाणी ठिबकतं ते हवेतल्या वाफेचं असतं, त्यात क्षार नावालाच. शेवटचा हात त्या पाण्यात भिजवलेल्या कापडानं मारा. डाग आधीच पडले असतील तर व्हिनेगर पाण्यात पातळ करून लावायचं अन् लगेच धुवायचं, लावून चहा प्यायला जायचं नाही.

कुणीतरी तुमच्या कमेंटखाली लिहिलंय की मग फरशीचं अ‍ॅसिड वापरा. अजिबात नको! त्यातल्या क्लोराइडनं पत्र्याला सुईच्या टोकासारखे खड्डे पडतात अन् ते आतआत जात राहतात. अन् बाजारात ब्राइटनर म्हणून बिननावाच्या कॅनमधे जे मिळतं त्यात कधी कधी हायड्रोफ्लोरिक असतं, ते कातडीतून आत जातं अन् सुरुवातीला दुखत पण नाही, त्याच्या नादी तर कुणीच लागू नका.

आता घासण्याचं. हे मी आधी पण लिहिलं होतं पण तुम्ही वाचताना उडी मारलेली दिसतीय, घासायच्या आधी पत्रा कोणता आहे ते ओळखायचं. एका कोपऱ्यात थोडं मेटल पॉलिश घेऊन फडक्यानं चोळा. फडकं काळं झालं तर पत्रा उघडा आहे. नाही झालं तर वर काहीतरी आहे, क्लिअर लॅकर (पारदर्शक वार्निश) किंवा अ‍ॅनोडायझिंग (विजेनं मुद्दाम चढवलेला जाड ऑक्साइडचा थर). मग मल्टीमीटर बझरवर ठेवून दोन्ही पिना हलक्या टेकवा, ह्या दोन्ही थरांतून करंट जात नाही म्हणून बझर वाजणार नाही. थिनरचा बोळा फिरवल्यावर चिकट झालं तर बहुतेक लॅकर, काहीच फरक नाही पडला तर अ‍ॅनोडाइझ धरून चाला. अ‍ॅनोडाइझ पत्रा पॉलिश करायच्या फंदात पडू नका, तो थर लई कडक असतो, नुसता धुवा अन् व्हॅक्स (मेणाचं पॉलिश) लावा. आता ह्या पत्र्यावर कॉस्टिक मारलं तर काय होईल? थर कुठं जातो, कुठं राहतो, अन् बसच्या अंगावर कोड फुटल्यासारखे चट्टे उठतात.

पत्रा उघडा निघाला तर माझं मत तुमच्याशी थोडं जुळतं. रोज रस्त्यावर धावणाऱ्या बसला आरशासारखी चमक मी पण करत नाही. 400 पासून 2000 पर्यंत पाणी लावून सँडपेपर, मग बफला लावायच्या पॉलिशच्या वड्या, आधी तपकिरी बार, मग पांढरा बार, एवढं करून मिळतं काय तर प्रत्येक पोचा अन् प्रत्येक ओरखडा लांबून दिसतो. तसली हौस वरातीच्या गाडीला ठीक. चालत्या बसला मी नायलॉनचा स्क्रबर पॅड घेतो, पत्र्याच्या लांबीच्या दिशेनं सरळ हात, गोल गोल नाही, सगळीकडं एकसारखी बारीक रेघ आली की थांबायचं. नवीन ओरखडे त्याच रेघेत लपतात. तारेची घासणी मात्र चालत नाही, लोखंडाचे कण पत्र्यात रुततात अन् पहिल्या पावसात तांबूस ठिपके उठतात. जालन्याकडं लोखंडाच्या कामाच्या शेजारी गाडी उभी केली तरी असले ठिपके येतात, तिथं तर ग्राइंडरच्या ठिणग्या उडतच असतात.

ग्राइंडरवरून आठवलं. चार इंची अँगल ग्राइंडर 11,000 आरपीएमच्या आसपास फिरतो, त्याला मोठं कापडी बफ लावू नका, बफवर लिहिलेला आकडा बघा आधी. पॉलिशर दोन-अडीच हजारावर भरपूर झाला. आणि अ‍ॅल्युमिनियमची बारीक भुकटी पेट घेते, त्यात गंज अन् ठिणगी आली तर विझवणं अवघड. वेल्डिंग चालू आहे तिथं हे काम नको, तोंडाला मास्क पण पाहिजे. शेवटी काळा चिकट मळ राहतो त्यावर मैदा भुरभुरून मऊ कापडानं पुसा, परदेशातले ट्रकवाले हेच करतात अन् चालतं. आमच्याकडं एकानं मैद्याऐवजी रांगोळी वापरली, ती दगडाची भुकटी, पुढचं सांगत नाही.

राहिला रंग. एसटीनं दशकानुदशकं अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीवर लाल रंगच मारला, चिकलठाण्याच्या कार्यशाळेत असल्या बॉड्या बांधल्या जायच्या, म्हणून रंग टिकत नाही असं मी म्हणणार नाही. पण साधा रेड ऑक्साइड प्रायमर अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही, एच (etch, म्हणजे धातूला किंचित खाऊन धरणारा) प्रायमर किंवा इपॉक्सी पाहिजे, अन् घासल्यावर त्याच दिवशी. कॉस्टिकचा अंश सांध्यात राहिलेल्या पत्र्यावर तर कोणताच प्रायमर टिकणार नाही, फोड येऊन पापुद्रे निघतील.

दुसरं, अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं. तीन मीटरचा पत्रा, डिसेंबरची पहाट अन् मेची दुपार मिळून 50 अंशांचा फरक धरला तर साडेतीन एमएमच्या आसपास लांबतो, अन् आतला लोखंडी सांगाडा त्याच्या निम्मा. म्हणून रिबिटी ढिल्या होतात, पाणी शिरतं अन् लोखंड-अ‍ॅल्युमिनियम जिथं चिकटलेलं असतं तिथं पांढरी भुकटी सुटायला लागते. उघड्या पत्र्यावर ती लगेच दिसते. रंगाखाली दिसत नाही, दिसते तेव्हा फोड आलेला असतो अन् मागं भोक. म्हणून माझा कल उघडा पत्रा अन् वर व्हॅक्स, तीन-चार महिन्यांनी परत एक हात. कोकणात खाऱ्या हवेत हे जमलं नसतं कदाचित, आपल्याकडं हवा कोरडी आहे त्याचा फायदा घ्यायचा.

तर भाऊ, उरलेलं कॉस्टिक बाजूला ठेवा अन् आधी जिथं जिथं मारलंय तिथल्या रिबिटच्या ओळीचे फोटो पाठवा, बॅटरीचा उजेड बाजूनं तिरका मारून काढा म्हणजे खड्डे दिसतील. नुसता खरबरीतपणा असेल तर पॅडनं निघेल. रिबिटभोवती पांढरी भुकटी असेल तर त्या रिबिटी काढून सांधा उघडावाच लागेल, अन् परत लावताना अ‍ॅल्युमिनियमच्याच घ्या, मधे सीलंट भरून.