‘दहा मिनिटांत उजवी बेस डावी करा’ म्हणणाऱ्यांना

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. "मामा, जाडी तार खाचीतच नाई बसून रायली. मंग मेसेजमंदी सांगतलं होतं तसं कानशीनं घासलं. आता बारकी तार नुस्ती झनझन करून रायली. काय करू?"

पोरगं सतरा वर्षांचं, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या ताईचं. डावखुरं, आमच्याकडं म्हणतात तसं डेबरं. दिवाळीपासून लोकांच्या वावरात कापूस वेचून त्यानं पैसे जमवले आणि एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून उजव्या हाताची जुनी बेस गिटार, म्हणजे चार जाड तारांची खर्जाची गिटार, घेतली. १४ एप्रिलच्या भीमगीतांच्या कार्यक्रमात त्याला दोन गाणी वाजवायची होती. ती बेस आज वाजण्याजोगी नाही.

ज्या मेसेजनं हे झालं तो मी आहे त्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय, भजनी मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा. मला तो चार जणांनी पाठवला, त्यात एकदा खुद्द ताईनं. वर ठळक अक्षरात ‘डावखुऱ्या बेसवाल्यांनो, फसू नका!’ आणि खाली मुद्दे. डावी बेस आपल्याकडं मिळतच नाही आणि मिळाली तर दुप्पट भावानं. म्हणून कुठलीही उजवी घ्या, तारा उलट्या लावा, दहा मिनिटांचं काम. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी आणि अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनं हेच केलं. तार खाचेत बसली नाही तर खाच कानशीनं वाढवा. मान, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, सरळ करायची असेल तर डाव्या बेसचा ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली धातूची सळई, उलट दिशेनं फिरवा. तारा ‘डाव्या’ मागून घ्या. आणि एवढी कटकट नको असेल तर सरळ उजव्यानं शिका, बेसमध्ये दोन्ही हातांना काम सारखंच असतं.

मी स्वतः डावखुरा आहे. एकोणीस वर्षं बेस वाजवतोय. लग्नाचे ऑर्केस्ट्रा, भीमगीतं, कव्वालीचे मुकाबले. त्यातली पहिली चार वर्षं उलट्या केलेल्या उजव्या बेसवरच गेली. त्यामुळं दहा मिनिटांत काय होतं आणि काय होत नाही हे मला नीट ठाऊक आहे.

आधी तारांचंच घेऊ, कारण सगळं नुकसान तिथं झालंय. मानेच्या टोकाला हाडाची किंवा प्लास्टिकची जी पट्टी असते ते नट. त्यात चार खाचा. प्रत्येक खाच तिच्या तारेच्या जाडीप्रमाणं कापलेली. बेसचा नेहमीचा सेट ४५ ते १०५ चा असतो, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर सगळ्यात बारीक ‘जी’ (G) तार १.१४ आणि सगळ्यात जाड ‘ई’ (E) तार २.६७. एक दुसरीच्या दुपटीहून जाड. आता तारा उलट्या केल्या की अडीच मिलिमीटरच्या वरच्या खाचेत सव्वा मिलिमीटरहून बारीक तार पडते. ती खाचेत इकडून तिकडं सरकते, मोकळी छेडली की झणझणते. दुसऱ्या टोकाला जाड तार अरुंद खाचेत उतरतच नाही, वरच बसते. पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, ती दाबायला जीव काढावा लागतो आणि दाबली की सूर चढतो. मधल्या ए आणि डी तारांचीही हीच रड, फक्त कमी प्रमाणात.

मेसेज लिहिणाऱ्याला यातलं अर्धं कळलं असावं, म्हणूनच त्यानं कानस सांगितली. पण खाच वाढवता येते, अरुंद झालेली कुठं पाहिली? वाढवलेली खाच पुन्हा भरत नाही. शिवाय घरातली कानस विळ्याला धार लावायची. तिनं खाच रुंद होता होता खोलही होते. जरा जास्त खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटला टेकते आणि मग ती तार मोकळी वाजतच नाही. भाच्याचं नेमकं तेच झालंय. आता ते नट ना उजव्याच्या कामाचं, ना डाव्याच्या. उलटं करायचंच असेल तर पहिल्यांदा नवीन नट, उलट्या क्रमानं खाचा कापलेलं, आणि तेही कापणाऱ्या माणसाकडून. त्याला फार पैसे पडत नाहीत. पण मेसेजमध्ये त्याचं नावसुद्धा नाही.

नट झालं तरी काम संपत नाही. ब्रिजवरच्या, म्हणजे शरीरावर तारा जिथं अडकवतात त्या भागावरच्या, चारही सॅडल (तारांचे टेकू) नव्यानं लावाव्या लागतात, कारण जाड तारेची सॅडल सहसा सगळ्यात मागं असते आणि आता तिथं बारीक तार आलेली असते. पट्ट्याचं बटण वरच्या शिंगावर, म्हणजे शरीराच्या वरच्या निमुळत्या टोकावर, हलवावं लागतं, त्यासाठी लाकडात नवं भोक. शरीर उलटं झालं की लांब शिंग खाली जातं, आखूड वर येतं. हात सोडला की मान खाली झुकते. चार तास उभं राहून कार्यक्रम करणाऱ्याच्या उजव्या खांद्याला मग काय होतं ते मला विचारा. व्हॉल्यूमचे नॉब वर येतात आणि मनगट घासून गाण्याच्या मध्येच आवाज कमी होतो. मानेच्या कडेवरचे ठिपके, ज्यांच्याकडं बघून आपण अंधाऱ्या मंचावर जागा शोधतो, ते जमिनीकडं तोंड करतात. वरच्या फ्रेटपर्यंत हात पोचत नाही, कारण शरीरातला हातासाठीचा मोठा काप आता दुसऱ्या बाजूला गेला. आणि बेस प्रिसिजन पद्धतीची असेल, म्हणजे पिकअप (तारांचा आवाज टिपणारा चुंबकाचा भाग) दोन तुकड्यांत असेल, तर आणखी एक: मूळ रचनेत ई आणि ए तारांखालचा तुकडा मानेच्या बाजूला असतो, म्हणून खर्जाला भरावपणा येतो. उलटी केली की त्याच जाड तारा ब्रिजकडच्या तुकड्यावर येतात आणि आवाज किरटा होतो. ढोलकाखाली जो आवाज बसायला पाहिजे तोच हरवतो.

आता मॅकार्टनीचं नाव. लहानपणी त्यांनी उजव्या साध्या गिटारीच्या तारा उलट्या केल्या होत्या, हे खरं आहे. एवढं मान्य. पण बेस? १९६१ मध्ये हॅम्बुर्गला त्यांनी जी व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर ५००/१ घेतली, जी १९७२ मध्ये चोरीला गेली आणि २०२४ मध्ये सापडल्याचं जाहीर झालं, ती डाव्या हाताचीच होती. पुढं वापरलेली रिकनबॅकर कंपनीची बेसही डाव्या हाताचीच. ज्याचं उदाहरण देताय त्यानंच बेस घेताना डावी घेतली! हेंड्रिक्सनं उजवी स्ट्रॅटोकास्टर उलटी धरली हे बरोबर, पण ती सहा तारांची साधी गिटार. तिच्या तारा बेसच्या निम्म्याहूनही बारीक असतात आणि त्याच्या गिटारीचं नटही उलट बसवलेलं असायचं. ‘यलोजॅकेट्स’ या अमेरिकन जॅझ बँडचे माजी बेसवादक जिमी हॅस्लिप तर तारांचा क्रम न बदलता, जाड तार खाली ठेवून बेस वाजवतात. ते आयुष्यभर तसेच शिकले. सतरा वर्षांच्या पोरानं शेजाऱ्याची बेस घेऊन रविवारी दुपारी करायचं काम ते नव्हे.

पण मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य कानशीचं नाही, ट्रस रॉडचं आहे. कानशीनं नट जातं. ट्रस रॉडनं मान जाते, आणि मान गेली की बेस गेली.

असा गैरसमज कुठून आला असेल याचा मी विचार केला. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे, कधी ना कधी चुकीच्या बाजूला जोर लावून आपण ते बिघडवलेलं असतं. तेच कुणीतरी बेसला लावलं असावं. पण ट्रस रॉड मानेच्या मधोमध जाते, तिला डावं-उजवं नसतं. नटाच्या बाजूनं असो की शरीराच्या, अ‍ॅलन की (सहा कोनी किल्ली) घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवली की रॉड आवळते, मान मागं ओढली जाते. उलट फिरवली की सैल होते, मान तारांच्या ओढीनं पुढं वाकते. डाव्या बेसमध्येही तस्संच. मेसेज वाचून कुणी मान सैल करायला गेला आणि प्रत्यक्षात आवळत राहिला, तर मान आणखी ताठ होईल, तारा आणखी झणझणतील, म्हणून तो आणखी फिरवेल. शेवटी आटे तरी जातील नाहीतर रॉड तुटेल.

यासाठी माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. बेस गिटार १९५१ मध्ये ज्यांनी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली त्या फेंडर कंपनीची सेटअपची (बेस नीट लावून घेण्याची) मार्गदर्शिका आहे, कुणालाही वाचता येते. त्यात मापांचा तक्ता फ्रेटबोर्डच्या, म्हणजे मानेच्या फ्रेट बसवलेल्या पृष्ठभागाच्या, गोलाईनुसार दिलाय, हातानुसार नाही. साडेनऊ ते बारा इंच गोलाईच्या मानेला: पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटजवळ, तारेखाली साधारण ०.३ मिलिमीटर फट राहिली पाहिजे. सतराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड बाजूला सुमारे २.४, बारीक बाजूला सुमारे २ मिलिमीटर. मी माझ्या डाव्या बेसला पंधरा वर्षं हेच लावतोय. रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवायची नाही, मग तारा सुरात आणायच्या, मान स्थिरावू द्यायची, मग पुन्हा मोजायचं. आपल्याकडं हे वर्षातून दोनदा तरी लागतंच. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि मान बहुतेक वेळा पुढं वाकते, एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ताठते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बेस ठेवून जेवायला बसायचं नाही, हे मी दरवर्षी कुणाला तरी सांगतो.

उजव्यानंच शिका, या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. ‘डायर स्ट्रेट्स’ बँडचे गिटारवादक मार्क नॉफ्लर डावखुरे आणि गिटार उजवी वाजवतात. आपला सचिन लिहितो डाव्या हातानं, बॅट धरतो उजव्यानं. शिवाय खेड्यात एक मोठी सोय आहे: कार्यक्रमाच्या दिवशी तुमची बेस बिघडली तर उजवी कुणाकडूनही मागून आणता येते, डावी नाही. एकदा दिग्रसला मी स्वतः हात बांधून बसलोय. ज्याला उजव्यानं सहज जमतं त्यानं जरूर शिकावं.

पण ‘दोन्ही हातांना काम सारखंच’ हे साफ खोटं. एक हात सूर ठरवतो, दुसरा काळ धरतो. भीमगीतात ढोलकाचा कहरवा चालू असताना बेसचा घाव समेवर नेमका पडला पाहिजे. एक केसभर मागं राहिला तरी खाली नाचणाऱ्या पोरांना ते कळतं. हा घाव ज्या हातात आपसूक येतो तो हात छेडायला. कोणता, हे पैसे घालवण्याआधी पाहा. पोराच्या हाती पऱ्हाटीची काडी द्या आणि म्हणा, गिटार वाजवून दाखव. न सांगता तो ज्या बाजूनं धरेल ती त्याची बाजू. दोनचार दिवस, वेगवेगळ्या वेळी करून पाहा. माझ्या भाच्यानं प्रत्येक वेळी डावीच धरली. ताईला हे मी मागच्या वर्षीच सांगितलं होतं, पण मेसेजवर तिचा भावापेक्षा जास्त विश्वास बसला. शाळेत डाव्या हातानं लिहितो म्हणून पोरांच्या बोटांवर पट्टी मारायचे दिवस आपण पाहिले आहेत. तेच आता मंचावर कशाला आणायचं?

राहिला भाव. डावी मिळत नाही हे खोटं, कमी मिळते हे खरं. यवतमाळला मला कधीच दिसली नाही, दीडशे किलोमीटरवर नागपूरला सीताबर्डीत एखादी दिसते. पण स्क्वायरची क्लासिक व्हाइब जॅझ बेस, आयबानेझची जीएसआर २०० अशा मॉडेलच्या डाव्या आवृत्त्या निघालेल्या आहेत, मागवल्या तर येतात. भाव कधी सारखा, कधी थोडा जास्त. दुप्पट मी कुठंच पाहिला नाही. न बघता मागवायची भीती असेल तर दुकानात त्याच मॉडेलची उजवी हातात घ्या. वजन कळेल, मान किती जाड ते कळेल. जॅझ पद्धतीची मान नटापाशी साधारण ३८ मिलिमीटर, प्रिसिजनची ४१-४२. लहान हातांना हा फरक जाणवतो. दुकानदाराला वाजवायला लावा, आवाज ऐका. मग डावी मागवा. जुनी घेत असाल तर ती कारखान्यातूनच डावी आहे ना ते कडेच्या ठिपक्यांवरून आणि नॉबच्या जागेवरून पाहा, आणि नॉब हळूहळू फिरवून पाहा. स्वस्त डाव्या बेसमध्ये कधी कधी उजव्याचेच पॉट (नॉबखालचे आवाज कमी-जास्त करणारे भाग) उलटे जोडतात, मग सगळा आवाज सुरुवातीच्याच जराशा फेऱ्यात एकदम येतो.

‘डाव्या तारा’ नावाची वस्तू नसते. तोच सेट, तीच पाकिटं. कुणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका.

भाच्याची बेस मी शनिवारी घेऊन आलो. नवीन नट उजव्या क्रमानंच बसवतोय आणि ती उजव्यानं वाजवणाऱ्या पोराला देऊन टाकायची असं त्यानंच ठरवलं. ट्रस रॉडला त्यानं हात लावला नव्हता. अ‍ॅलन की सापडली नाही म्हणून.