‘आधी शिस्त, मग लोकशाही’: एका फॉरवर्डचा समाचार

गेले काही आठवडे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या झाडून सगळ्या ग्रुपांवर एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. मथळा असा: ‘आधी शिस्त, मग पैसा, लोकशाही सगळ्यात शेवटी’. असले फॉरवर्ड मी उघडतही नाही. पण हा आमच्या काकांनी पाठवला. काका निवृत्त हेडमास्तर, जन्मभर पोरांना नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस. आणि खाली स्वतःची ओळ जोडलीय: ‘जिल्हा पंचायतीची निवडणूक होत नाही ते एका अर्थी बरंच आहे. प्रशासक असला की कामं होतात.’ हे वाचल्यावर गप्प बसवेना.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडक्यात सांगतो. १९८९ नंतर कम्युनिस्ट राजवटी कोसळल्या. ज्या देशांनी घाईनं निवडणुका घेतल्या त्यांचं वाटोळं झालं, उदाहरण रशिया. ज्यांनी खंबीर नेता ठेवला ते वर आले, उदाहरणं चीन, सिंगापूर आणि (खरंच लिहिलंय) तुर्कमेनिस्तान. सामान्य माणसाला सुधारणेची कळ सोसत नाही, म्हणून तो मत देऊन सुधारणाच बंद पाडतो. ‘जागतिक संशोधनानं हे सिद्ध झालं आहे.’ सबब आपल्याकडंही दहा-वीस वर्षं निवडणुका बंद ठेवून तज्ज्ञ प्रशासक नेमावेत. संशोधन कुठलं, कुणाचं, कधीचं, याचा पत्ता नाही.

तुर्कमेनिस्तानपासूनच सुरुवात करू, कारण ते वाचून मी खुर्चीतून पडायचा राहिलो. तिथं म्हणे शिस्त आहे आणि वीज, गॅस फुकट आहे. ज्या खंबीर नेत्याचं हे कौतुक चाललंय, त्या नियाझोव्हनं २००२ मध्ये वर्षाच्या महिन्यांची नावं बदलली. जानेवारीला स्वतःचं बिरुद दिलं, एप्रिलला आईचं नाव. राजधानी अश्गाबातमध्ये स्वतःचा सोन्याचा मुलामा दिलेला पुतळा उभा केला, तो दिवसभर सूर्याकडं तोंड करून फिरायचा. २००५ मध्ये तर राजधानीबाहेरचे दवाखाने बंद करायचं फर्मान काढलं. आजारी माणसांनी अश्गाबातला यावं म्हणे. विचार करा, कणकुंबीच्या बाळंतिणीला बेंगळूर गाठायला सांगायचं. याला शिस्त म्हणायचं असेल तर काय बोलणार?

वीज-गॅस फुकट होता, हे मात्र खरं. १९९३ पासून होता. जगातल्या मोठ्या गॅससाठ्यांपैकी एक या देशाच्या पोटात आहे, त्यात नेत्याचं कर्तृत्व काही नाही. आणि तीही सवलत १ जानेवारी २०१९ पासून गुंडाळली गेली. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ही बातमी अजून कळलेली नाही. गंमत म्हणजे हीच मंडळी कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेतल्या फुकट दोनशे युनिटांना ‘लोकांना फुकटाची सवय लावली’ म्हणून नाकं मुरडतात. तुर्कमेनिस्तानात फुकट वीज म्हणजे राष्ट्रउभारणी, आणि आमच्या घरातला बल्ब लागला की फुकटेगिरी!

आता रशिया. इथं अर्धं खरं आहे, म्हणून जरा थांबावं लागेल. २ जानेवारी १९९२ ला बहुतेक भाव मोकळे केले आणि त्या एका वर्षात महागाई अडीच हजार टक्क्यांच्या घरात गेली. लोकांनी जन्मभर साठवलेल्या ठेवींची माती झाली. १९९४ पर्यंत रशियन पुरुषांचं सरासरी आयुर्मान ५८ वर्षांच्याही खाली आलं. हे कुणी नाकारत नाही. पण याचा दोष लोकशाहीच्या माथी मारायचा? क्रम बघा की. नोव्हेंबर १९९१ मध्येच संसदेनं अध्यक्ष येल्त्सिनला वर्षभर फर्मानानं आर्थिक कारभार करायची मुभा दिली होती. संसद विरोधात गेल्यावर ऑक्टोबर १९९३ मध्ये त्याच संसदेच्या इमारतीवर रणगाड्यांनी तोफा डागल्या. त्यानंतर जी घटना आली तिनं बहुतेक ताकद अध्यक्षाच्या हातात दिली.

आणि सगळ्यात मोठी लूट झाली ती १९९५ मध्ये, ‘कर्जाच्या बदल्यात समभाग’ या योजनेत. ही योजना संसदेत चर्चा होऊन आली नव्हती, अध्यक्षांच्या फर्मानानं आली. सरकारला बँकांनी कर्ज द्यायचं आणि तारण म्हणून तेल आणि धातूच्या सरकारी कंपन्यांचे समभाग ठेवून घ्यायचे. कर्ज फिटलं नाही की समभाग बँकेचे. ते फिटणार नव्हतंच. नोरिल्स्क निकेल ही जगातल्या सगळ्यात मोठ्या निकेल उत्पादकांपैकी एक. तिचे ३८ टक्के समभाग सुमारे १७ कोटी डॉलरला गेले. लिलाव चालवणारी बँक तीच आणि जिंकणारी बँकही तीच. दुसऱ्याची दुपटीहून मोठी बोली होती, ती बाद ठरवली. आता सांगा, इथं लोकशाही जास्त झाली होती की कमी पडली होती? पुढं १९९९ पासून रशिया सावरला म्हणतात, तेव्हा रुबल पडला होता आणि तेलाचा भाव चढायला लागला होता, हे सोयीस्करपणे गाळतात.

त्याच काळात तेच कडू औषध पोलंडनं घेतलं होतं, रशियाच्याही दोन वर्षं आधी. १ जानेवारी १९९० ला अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांची योजना लागू झाली, तीही संसदेत कायदे करून. पहिली दोन वर्षं उत्पन्न घसरलं. बेकारी १९९३ पर्यंत १६ टक्क्यांवर गेली. लोक चिडले आणि १९९३ च्या निवडणुकीत त्यांनी राज्यकर्त्यांना घरी बसवलं. सत्तेवर आले ते जुने कम्युनिस्ट, नवा सदरा घालून. फॉरवर्डच्या हिशेबानं इथं सुधारणांचा मुडदा पडायला हवा होता. पडला नाही. वेग थोडा कमी-जास्त झाला, दिशा तीच राहिली. वाढ १९९२ लाच सुरू झाली होती, ती चालूच राहिली आणि २००४ मध्ये देश युरोपीय संघात गेला. एस्टोनियातही तेच. सरकारं पडत राहिली, नवं चलन आणि सरसकट एकच करदर तसाच राहिला.

हे असं का झालं, यावरच खरं संशोधन आहे, आणि फॉरवर्डवाल्याच्या ‘जागतिक संशोधना’च्या ते बरोबर उलटं आहे. जोएल हेलमन या अभ्यासकाचा १९९८ चा लेख ‘वर्ल्ड पॉलिटिक्स’ या नियतकालिकात आला. या विषयात तो टाळून पुढं जाताच येत नाही. तोवर बरेच अर्थतज्ज्ञ फॉरवर्डसारखंच बोलायचे: सुधारणेत आधी चटके बसतात, ज्यांना बसतात ते मत देऊन सुधारणा उलटवतात, म्हणून सरकारला लोकांपासून जरा लांब ठेवावं. हेलमननं साम्यवादोत्तर देश एकमेकांशेजारी मांडून पाहिले, तर जिथं निवडणुकीत चुरस जास्त, सरकारं वारंवार बदललेली, तिथंच सुधारणा जास्त पुढं गेलेल्या. आणि जिथं राज्यकर्ते लोकांपासून सुरक्षित, तिथं त्या अर्ध्यात अडकलेल्या.

अडवणारे कोण? पेन्शनर नव्हेत, खाणकामगारही नव्हेत. अडवणारे होते पहिल्या फेरीत गब्बर झालेले. सरकारी कारखान्याचा मॅनेजर तेल देशात सरकारी भावानं उचलून बाहेर जागतिक भावानं विकत होता. त्याला भाव पूर्ण मोकळे व्हायला नको होते आणि जुना काळही परत यायला नको होता. त्याला हवं होतं ते अर्धंच. हिडकलच्या कालव्यावर हे रोज बघायला मिळतं. तोंडाशी जमीन असलेला उसाला हवं तेवढं पाणी घेतो आणि शेवटच्या टोकापर्यंत पाणी पोचवायचा विषय निघाला की त्याच्याच कपाळाला आठ्या पडतात. हेलमनचं म्हणणं, अशा माणसाला हलवायला टोकाकडच्यांच्या हातात मत लागतं. निवडणूक सुधारणेला मारत नाही, सुधारणेवर बसलेल्याला उठवते. तसं पाहिलं तर आपल्याकडं १९९१ च्या सुधारणाही अल्पमतातल्या सरकारनं आणल्या आणि १९९६ नंतर एकामागून एक सरकारं बदलली तरी त्या कुणी गुंडाळल्या नाहीत.

चीनचं काय? मान्य करायला जिवावर येतं, पण चीन निवडणुका न घेता वाढला आणि जवळपास ८० कोटी माणसं तिथं गरिबीतून वर आली. तो आकडा खोटा नाही. पण सुरुवात कुणी केली? १९७८ च्या हिवाळ्यात आन्ह्वे प्रांतातल्या श्याओगांग गावच्या अठरा शेतकऱ्यांनी चोरून करार केला, सामुदायिक जमीन घराघरांत वाटून घेतली. पकडले गेलो तर एकमेकांची पोरं सांभाळायची, असं ठरवून. वरच्यांनी पुढं ते मान्य केलं, हे त्यांचं शहाणपण. आणि त्याच पक्षाच्या त्याच खंबीर राजवटीत त्याच्या वीस वर्षं आधी दुष्काळानं कोट्यवधी माणसं मेली होती, कारण खरे आकडे वर कळवायची कुणाची हिंमत नव्हती. एक उदाहरण घ्यायचं तर पूर्ण घ्या.

आता काकांची ओळ. फॉरवर्डपेक्षा मला तिचाच जास्त त्रास होतोय, कारण तुर्कमेनिस्तान लांब आहे आणि ही गोष्ट आमच्या दारातली आहे. कर्नाटकात जिल्हा आणि तालुका पंचायतींच्या निवडणुका २०१६ मध्ये झाल्या. २०२१ मध्ये मुदत संपली. त्यानंतर मतदारसंघांची फेररचना, आरक्षण, कोर्टातल्या तारखा, आणि कारभार प्रशासकाच्या हातात. राज्यघटनेचं २४३ई कलम सांगतं की पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. ज्या कर्नाटकानं घटनादुरुस्तीची वाट न बघता १९८३ मध्ये कायदा करून १९८७ ला या निवडणुका घेऊन दाखवल्या, तेव्हाचे पंचायतराज मंत्री अब्दुल नझीर साबांचं नाव देशभर झालं, त्याच कर्नाटकात ही गत.

‘कामं होतात’ म्हणे. आमच्या गावाकडच्या ओढ्यावरची मोरी पावसात खचली. ग्रामपंचायतीत गेलं की पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) म्हणतात, रस्ता जिल्हा पंचायतीचा आहे. तालुक्याच्या कार्यालयात गेलं की म्हणतात, इस्टिमेट वर गेलंय. वर म्हणजे कुठं, हे सांगायला कुणी नाही. उत्तर मिळालंच तर कन्नडमध्ये टाईप केलेलं एक पत्र, ते गावात वाचणार कोण? पूर्वीचा आमचा मेंबर काही संत नव्हता. ठेकेदाराबरोबर त्याची ऊठबस होती हे सगळ्या गावाला माहीत. पण बाजारादिवशी तो चहाच्या टपरीवर सापडायचा आणि चार माणसांदेखत त्याला ‘मोरीचं काय झालं रे?’ असं मराठीत विचारता यायचं. पाच वर्षांनी पुन्हा दारात यायचंय म्हटल्यावर तो काहीतरी हातपाय हलवायचा. मेंबर गेला, ठेकेदार मात्र आहे तिथंच आहे. फक्त आता त्याला टपरीवर कुणी गाठत नाही. अर्ध्यावर थांबलेल्या सुधारणेत सुखी असलेला माणूस हेलमननं मॉस्कोत पाहिला असेल, मला तो तालुक्याच्या गावी दिसतो.

आणि बेळगावकरांनी तरी प्रशासकाचे गोडवे गाऊ नयेत हो. २००५ मध्ये सीमाप्रश्नाचा ठराव केला म्हणून सरकारनं महापालिकाच बरखास्त केली आणि प्रशासक बसवला. तो तज्ज्ञ होता की नव्हता हा प्रश्नच नव्हता. बरखास्तीमागचं कारण एकच होतं, निवडून आलेली माणसं नको ते बोलली होती.

‘दहा-वीस वर्षांसाठी’ हाही एक फसवा शब्दप्रयोग. मुदत संपली हे कोण ठरवणार? बेलारूसमध्ये लुकाशेन्को १९९४ ला आला, भ्रष्टाचार मोडून काढतो म्हणून. अजून मोडतोय. चीनच्या १९८२ च्या घटनेत राष्ट्राध्यक्षाला सलग दोनच कारकिर्दी होत्या; २०१८ मध्ये ती अट काढून टाकली.

राहिलं सिंगापूर. भ्रष्टाचार खणून काढणारी संस्था तिथं १९५२ पासून आहे, कोर्टं चालतात, पगार चांगले. एकाच पक्षाचं राज्य आहे आणि विरोधकांना फार जागा नाही, हेही खरं. पण निवडणुका बंद? सगळा देश लोकसंख्येनं आपल्या बेळगाव जिल्ह्याहून थोडा मोठा. त्यांच्याकडं सार्वत्रिक निवडणूक २०१५ ला झाली, २०२० मध्ये कोरोनातही झाली, मे २०२५ मध्ये पुन्हा झाली. त्याच दहा वर्षांत बेळगाव जिल्हा पंचायतीची झाली फक्त एकदा.